खडूचा चार

सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या इमारतीत खालच्या मजल्यावर गॅरेजं होती आणि वर सोया सॉसचं गोदाम. तिथल्या सात नंबरच्या गाळ्यात हेमचंद्र पन्हाळकर पहिल्यांदा गेला तो मोटारीच्या दाराला आलेला पोचा काढून घ्यायला. दोन हजार सहा सालचा जून होता. काम चाळीस मिनिटांचं होतं. हेमचंद्र तिथून तीन तासांनी निघाला, आणि मग नोव्हेंबर संपेपर्यंत दर रविवारी जात राहिला.

याचं कारण गाळ्याच्या मागच्या भिंतीला टेकून, तांदळाच्या रिकाम्या पोत्यांखाली उभं होतं. एक जुना डॅटसन पिकअप. इंजिन कधीच काढून विकलेलं, रस्त्यावर यायचा परवाना वीस वर्षांपूर्वी संपलेला, पण केबिन शाबूत. हेमचंद्रने पोतं उचललं, टपावर बोटं टेकून वाजवून पाहिलं, आणि त्या आवाजासरशी चोपन्न वर्षांचा हा बँकेतला गृहस्थ अकरा वर्षांचा झाला.

गाळ्याचे मालक लिम बून कियाट त्याच्याकडे बघत होते. वय एकाहत्तर, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. सगळे त्यांना अंकल लिम म्हणत.

"माझ्या थोरल्या भावाचा," ते म्हणाले. "हौगांगच्या मळ्यातली भाजी बाजारात न्यायचा. पासष्ट साली माझं लग्न झालं तेव्हा नव्हता, मुलगा झाला तेव्हा होता. म्हणजे सदुसष्ट."

"मी हौगांगलाच राहतो. आता तिथे नुसत्या इमारती आहेत," हेमचंद्र म्हणाला.

"मग माझ्या भावाच्या कोबीवर राहतोस लाह," अंकल लिम म्हणाले, वाक्याच्या शेवटी तो सिंगापुरी 'लाह' लावत, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

हेमचंद्रचे वडील, आबा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रकच्या बॉड्या बांधायचे. लाकडी फळ्या, लोखंडी पट्ट्या, पत्रा आणि वर पेंटरचं मोर-कमळ, असा सगळा कारभार. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात एक चित्रपट कंपनी त्यांच्याकडे विचित्र काम घेऊन आली. शूटिंगसाठी गावची वेस उभी केली होती, आणि ज्या पिकअपमधून नायकाने वेशीतून आत यायचं तो पिकअपच वेशीखालून जात नव्हता. वेस पाडून उंच करायची तर आठ दिवस जाणार. कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "मिस्त्री, गाडीच ठेंगणी करा."

टप उतरवायचा म्हणजे केबिनचे चारही खांब मधून कापायचे, प्रत्येकातला सारख्या उंचीचा तुकडा काढून टाकायचा, आणि वरचं छप्पर खाली आणून पुन्हा जोडायचं. ऐकायला सोपं आहे. माणसाच्या मानेचं ऑपरेशनही ऐकायला सोपंच असतं. आबांनी हे काम आधी कधी केलं नव्हतं. त्यांनी वेस मोजली, गाडी मोजली, दोन बिड्या ओढल्या आणि हेमूला हाक मारली. "हेमू, तुझं अक्षर चांगलं आहे. चार इंच कापायचंय. लिही. चार."

हेमूने शिंप्याच्या निळ्या खडूने चारही खांबांवर चार लिहिला. खाली गोल पोट, वर दोन हात पसरलेले, असा ठसठशीत मराठी चार. आबा दोन पावलं मागे सरून बघत राहिले आणि म्हणाले, "झकास." दुसऱ्या दिवशी हेमू आईबरोबर आजोळी, गडहिंग्लजला गेला. पंधरा दिवसांनी परतला तेव्हा पिकअप तयार होता, ठेंगणा आणि ऐटबाज, एखादा पैलवान मान खांद्यात घालून उभा असावा तसा. हेमूने त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. खांबांवरून बोट फिरवताना त्याला एकाऐवजी दोन सांधे लागले, बोटभर अंतरावर.

"आबा, दोन सांधे कशाला?"

"एक माझा, एक तुझा," आबा म्हणाले आणि पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरले.

वडिलांनी मुलासाठी गाडीवर खूण ठेवली, असा त्याचा अर्थ हेमूने लावला आणि तो आयुष्यभर जपला. पुढे त्याने कॉमर्सला नाव घातलं, बँकेत लागला, मुंबईहून ब्याण्णव साली सिंगापूरला आला. कॉमर्सचं ठरलं त्या दिवशी आबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं बरोबर आहे बाबा. कागदावर रबर चालतं. पत्र्यावर चालत नाही." एकोणनव्वदला वर्कशॉप विकलं गेलं, चौऱ्याण्णवला आबा गेले. हेमचंद्रच्या हातून आयुष्यात एक वीत पत्राही कापला गेला नव्हता.

"अंकल लिम," पोच्याचं काम झाल्यावर तो म्हणाला, "याचा टप उतरवायचा आहे. मी उतरवतो."

"तू काय करतोस?"

"बँकेत आहे. अकाउंट्स."

अंकल लिमनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. भाजीवाल्याकडे वांगी बघतात तसे. "या हातांनी?"

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यालाही कारण होतं. नोव्हेंबरअखेर ते गाळा सोडणार होते. धंदा बंद, मुलाकडे मरीन परेडला राहायला जायचं. पिकअपला मलेशियात, जोहोरमध्ये राहणारा पुतण्या आपल्या दुरियान फळांच्या बागेत ठेवायला न्यायला तयार होता. बागेतल्या फांद्या खाली आलेल्या, तेव्हा टप जरा खाली आला तर त्याला हवाच होता. लॉरी बुधवारी, एकोणतीस नोव्हेंबरला येणार. अट एकच. गाडीवर छप्पर हवं. "बिनछपराची गाडी बागेत ठेवली तर पहिल्या पावसात तिचं तळं होईल. तसं असेल तर तो नेणार नाही, आणि मी ती भंगारवाल्याला देईन," अंकल लिमनी बजावलं. "दुसरं छप्पर मिळायचं नाही. एकदा कापलं की कापलं."

घरी विनीताने, म्हणजे हेमचंद्रच्या बायकोने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पोळी उलटत म्हणाली, "पन्नाशीनंतर लोक गुडघे बदलतात. आमच्याकडे टप बदलणार आहेत."

"उतरवणार आहे. बदलणार नाही."

"तेच ते. स्वतःच्या डोक्यावरचा उतरलाच आहे, आता दुसऱ्याचा."

मुलगी अवनी टेबलाशी बसून हसत होती. एकवीस वर्षांची, पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, एका छोट्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर. इथे आली तेव्हा सात वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र अर्ध्यावर सोडून. "बाबा, ग्राइंडर मी धरणार हां," ती म्हणाली. "तुझा हात शेक होतो. चहाचा कप पण शेक होतो."

तर असे तिघं कामाला लागले. हौशी माणसाच्या कामात पहिले चार महिने तयारीतच जातात, तसे गेले. हेमचंद्रने लायब्ररीतून पुस्तकं आणली, इंटरनेटवरून अमेरिकन हौशी लोकांचे फोटो छापून घेतले, भंगारातल्या एका दारावर कापायचा आणि वेल्डिंगचा सराव केला. पहिल्या दिवशी त्याने पत्र्याला असं भोक पाडलं की अंकल लिमनी त्यातून आपली कॉफीची नळी आरपार घालून दाखवली. केबिन कापताना ती फाकू नये म्हणून आतून लोखंडी अँगल आडवे लावून बांधून घेतली. दारांच्या वरच्या चौकटी वेगळ्या काढून ठेवल्या, त्या मागाहून कापायच्या. काचा उतरवून विनीताच्या जुन्या साड्यांत गुंडाळल्या.

काम करताना हेमचंद्र सारखा आबांच्या गोष्टी सांगायचा. आबांच्या वर्कशॉपात टेकू दिल्याशिवाय काही कापायचं नाही. कापलेला तुकडा गाडी दारातून बाहेर पडेपर्यंत टाकायचा नाही, टाकला तर त्या दिवशी कामगाराला चहा बंद. आणि आबांचं एक भारी खूळ: मोजमापं आकड्यांत लिहायची नाहीत. खांबावर, फळीवर, पत्र्यावर, सगळीकडे अक्षरांत. "सात इंच फक्त." "अडीच फूट फक्त." कधीपासून ते हेमचंद्रला आठवत नव्हतं, आठवायचं कारणही पडलं नव्हतं. बँकेत नवीन असताना तो ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायचा. "माझे वडील ट्रकवर चेक लिहायचे," असं म्हटलं की हमखास हशा पिकायचा.

"युवर फादर स्मार्ट मॅन," अंकल लिम एकदा म्हणाले. हेमचंद्रला वाटलं, ते शिष्टाचाराने बोलताहेत.

अडत होतं ते एकाच गोष्टीवर. टप उतरवायचा किती? हेमचंद्र दर रविवारी खांबांवर चिकटपट्टी लावायचा, लांब जाऊन डोळे बारीक करायचा आणि आकडा बदलायचा. तीन. साडेतीन. पाच. पुन्हा तीन.

"बायको बघताना पण एवढे दिवस लावले होतेस?" अंकल लिम विचारायचे.

"तेव्हा त्याला कुणी विचारलंच नव्हतं," अवनी सांगायची. "आजोबा डिसाइडेड."

शेवटी शुक्रवारी, चोवीस नोव्हेंबरला, ऑफिस सुटल्यावर हेमचंद्र एकटाच बुकित बातोकला गेला. गाळ्यात सामान बांधून झालं होतं. कपाटं रिकामी, भिंतीवर जिथे हत्यारं टांगलेली असत तिथे फक्त त्यांच्या आकाराचे उजळ डाग. अंकल लिम रेडिओवर होकिएन या चिनी बोलीतली कसलीशी मालिका ऐकत खोक्यावर बसले होते. हेमचंद्रने गाडीभोवती एक फेरी मारली, आणि पाच महिने न सुटलेला प्रश्न चुटकीसरशी सुटला. आबांनी जितका उतरवला तितकाच. त्यात विचार कसला करायचा!

त्याने प्रत्येक खांबावर चिकटपट्टीने वरची रेघ आखली. खालची रेघ तिथून मापाने घ्यायची. त्या मापासाठी, खांबाच्या बुंध्याशी, त्याने खडूने आकडा लिहिला. खडू पांढरा होता, बाकी सगळं तेच. बँकेत तो तीस वर्षं इंग्रजी आकडे लिहीत आला होता, पण हा आकडा त्या हाताने लिहायचा नव्हताच. खाली गोल पोट, वर दोन हात पसरलेले. चारही खांबांवर. दोन पावलं मागे सरून त्याने पाहिलं. "झकास," असं म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून तो स्वतःच म्हणाला.

"उद्या नऊला," त्याने अंकल लिमना सांगितलं. "खुणा केल्या आहेत."

रात्री जेवताना ऑफिसातून फोन आला. नव्या संगणक प्रणालीची चाचणी, उद्या सकाळी सर्वांनी हजर राहावं. हेमचंद्रचं तोंड उतरलं. रविवारपर्यंत थांबलं तर कापणं, जोडणं आणि दारांच्या चौकटी हे सगळं बुधवारच्या आत होणार नव्हतं.

"आम्ही कट करतो ना," अवनी म्हणाली. "मार्किंग केलंयस ना तू?"

"केलंय. त्याप्रमाणे कापा. स्वतःची अक्कल लावू नका."

"नेव्हर लाह."

शनिवारी पावणेअकराला, रॅफल्स प्लेसच्या एकोणिसाव्या मजल्यावर, हेमचंद्रच्या फोनवर निरोप आला. खांबावरचा नंबर नक्की ना, असं अवनीने विचारलं होतं. समोर साहेब बोलत होते. हेमचंद्रने टेबलाखाली अंगठ्याने उत्तर लिहिलं: नक्की. लिहिलाय तसाच. कमी नको, जास्त नको.

चार वाजता सुटून, जुराँग ईस्टला गाडी बदलून, तो जवळजवळ धावतच गाळ्यात शिरला. अवनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून उभी होती, नाकाच्या शेंड्यावर काजळी. अंकल लिम खोक्यावर बसून प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉफी नळीने ओढत होते. कापलेलं छप्पर त्यांनी चार जणांकडून उचलून घेऊन केबिनवर नुसतं टेकवून ठेवलं होतं.

गाडीला डोळेच उरले नव्हते. पुढची काच जिथे बसायची तिथे पत्रपेटीला असते तेवढी फट होती. पुढचे खांब तिरपे असल्याने वरचं छप्पर मागे राहिलं होतं, खालच्या टोकांशी जुळतही नव्हतं.

"सो?" अवनीचे डोळे चमकत होते. "अंकल लिम म्हणाले टू मच. मी म्हटलं, नो, बाबाने लिहिलंय. आणि मी तुला विचारलं पण."

"किती कापलंस?"

"एट."

"आठ?"

"एट इंचेस. तू लिहिलंस तेवढंच."

हेमचंद्र खांबाजवळ गेला. आकडा जागेवर होता. "हा आठ आहे? हा?" त्याचा आवाज चढला. "चार आहे हा! तुला चार वाचता येत नाही?"

"चार असा असतो?"

"मग कसा असतो? सात वर्षं रविवारी हिंदीच्या शाळेत सोडत होतो तुला, बसमध्ये पेंगत पेंगत. काय शिकवलं त्यांनी?"

"हिंदीच्या बुकात पण नंबर इंग्लिशच होते, बाबा!"

"एकवीस वर्षांची घोडी झालीस, घरच्या भाषेतली चार अक्षरं धड येत नाहीत!"

"अक्षरं येतात. नंबर येत नाही," अवनी म्हणाली. ती मागे हटली नाही. "तू कधी शिकवलास? यू नेव्हर टीच, मग स्कोल्ड करतोस." आणि मग, "मला वाटलं, फॉर वन्स बाबाने घाबरत घाबरत नाही लिहिलं. मी इतकी प्राउड होते, माहितीये?"

ती हातमोजे काढून बाहेर निघून गेली.

अंकल लिमना मराठी येत नव्हतं. त्यांना त्यातलं सगळं कळलं होतं. ते उठले, खांबापाशी वाकले आणि त्या आकड्यावर टिचकी मारून म्हणाले, "मिस्टर हेम. हा आठच आहे. कुणालाही विचार. डोकं उघडं राहिलेला आठ."

हेमचंद्र रागाने बघतच राहिला. आणि बघता बघता त्याला तो इंग्रजी आठ दिसला. गोल पोट, त्यावर अर्धवट राहिलेलं दुसरं वर्तुळ. खडू घाईत उमटला नसेल, असं कोणीही म्हणेल. ज्याने हा चार कधी पाहिलाच नाही असा कोणीही.

असा एक माणूस त्याला माहीत होता.

लोबो मिस्त्री. त्रेसष्टच्या उन्हाळ्यातच आबांकडे लागलेला कापणारा. गोव्याचा. कोकणी बोलायचा, पण लिहायचा ती इंग्रजी अक्षरांत. वर्कशॉपातल्या पाटीवरचं मराठी त्याला वाचता येत नसे, म्हणून पोरं त्याला चिडवायची. हेमू आजोळी गेला तेव्हा लोबो मिस्त्री नवा होता, जेमतेम आठवड्याचा. कापायचं काम त्याचंच.

दोन सांधे. बोटभर अंतर आपण म्हणतो ते लहान मुलाच्या आठवणीतलं. चार इंच असेल. चारच इंच असणार. आठ कापून काढले, मग काढलेल्या तुकड्यातले चार पुन्हा जोडले, की एका खांबावर दोन सांधे येतात. कापलेला तुकडा टाकायचा नाही. मोजमाप अक्षरांत लिहायचं. ज्याला वाचता येणार नाही तो विचारेल, भलतंच वाचणार नाही.

एक माझा, एक तुझा.

हेमचंद्र खोक्यावर बसला. आबा त्यानंतर एकतीस वर्षं जगले. त्या एकतीस वर्षांत त्यांनी मुलाला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं की तुझ्या सुंदर अक्षराने गाडी बिघडली होती. स्वतःची लिहायची पद्धत तेवढी बदलून टाकली. आणि ती पद्धत मुलगा बँकेत विनोद म्हणून सांगत फिरला.

थोड्या वेळाने त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली आणि तो ताडकन उठला. "अंकल लिम! तुकडे कुठे आहेत? कापलेले तुकडे?"

"भंगारची लॉरी तीनला येऊन गेली," अंकल लिम म्हणाले.

तसा पत्रा, त्या जाडीचा, त्या बाकाचा, आता बुधवारपर्यंत कुठून आणायचा?

"पण तुझ्या मुलीने दिले नाहीत," अंकल लिमनी नळीतून शेवटचा घोट ओढला. "मी म्हटलं, कचरा आहे, दे. ती म्हणाली, नो, नंतर मला चहा मिळणार नाही. चहा? तुमच्या घरात काय चालतं ते मला कळत नाही लाह."

तुकडे एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते. प्रत्येक वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर मार्करने लिहिलेलं: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. अक्षरं देवनागरी होती. 'डावा'ला काना जरा लांब पडला होता. त्यांच्याखाली मागच्या काचेच्या बाजूंचे पत्रेही नीट ठेवले होते.

अवनी बाहेर पायरीवर बसली होती. समोरच्या गॅरेजचा कुत्रा तिच्या बुटांचा वास घेत होता. हेमचंद्र शेजारी बसला. मराठी बापाला मुलीची माफी मागायची पद्धत घरात कोणी शिकवलेली नसते. त्याने डबा मांडीवर ठेवला.

"तुझ्या आजोबांकडे एक लोबो मिस्त्री होता," त्याने सुरुवात केली.

गोष्ट संपेपर्यंत वसाहतीतले दिवे लागले. अवनीने मध्ये एकदाच तोंड उघडलं. "म्हणजे तू पण?"

"मी पहिला. तू दुसरी. पण तुझी चूक नाही. माझी तेव्हाही होती आणि आजही आहे."

"आजोबा ओरडले नाहीत?"

"नाही."

"तू ओरडलास."

"हो," हेमचंद्र म्हणाला. "ओरडलो. आबांसारखं अक्षरच नाही जमलं, बाकी काय जमणार?"

ती हसली नाही. पण डबा त्याच्या मांडीवरून घेतला आणि उघडून तुकडे मोजले.

रविवारी सकाळी साडेसातला तिघं गाळ्यात होते. विनीता थालीपिठांचा डबा घेऊन चौथी आली. आपल्या साड्यांचं काय झालं ते बघायला, असं ती म्हणाली. प्रत्येक तुकडा मधोमध कापायचा होता. हेमचंद्रने खडू घेतला, रेघ आखली, आणि शेजारी सावकाश, शाळेतल्यासारखं लिहिलं: चार इंच फक्त.

अवनीने बोट ठेवून वाचलं. "चा-र. इंच. फ-क्त. फक्त म्हणजे ओन्ली. ओन्ली कशाला?"

"पुढे कुणी स्वतःच्या मनाने वाढवू नये म्हणून."

"लाइक चेक?"

"अगदी चेकसारखं."

अंकल लिमनी वेल्डिंगचा क्लॅम्प आवळला. पहिले टाके त्यांनी मारले, मग अवनीने, आणि मागच्या उजव्या खांबाचे हेमचंद्रने. त्याचे टाके मुंगळ्यांच्या रांगेसारखे वेडेवाकडे आले. अंकल लिम बराच वेळ ते निरखत राहिले आणि म्हणाले, "बँकेतच बरा आहेस." चार इंचांवर आणल्यावर पुढचे खांब थोडेसेच चुकत होते, छपराला मधून चीर देऊन ते पुढे ओढावं लागलं. सोमवारी आणि मंगळवारी हेमचंद्रने सतरा वर्षांत पहिल्यांदा आजारपणाची रजा घेतली. दारांच्या चौकटी मंगळवारी संध्याकाळी बसल्या. एक दार जोरात आपटल्याशिवाय लागत नव्हतं. ते तसंच राहिलं.

अंकल लिमना सगळे सांधे घासून, पुट्टी भरून गुळगुळीत करायचे होते. "चाळीस वर्षांत माझ्या गाळ्यातून सांधा दिसणारी गाडी गेली नाही," ते म्हणाले. हेमचंद्रने फक्त एक खांब तसाच, रंगही न लावता ठेवायची विनंती केली. मागचा उजवा.

बुधवारी दहाच्या सुमाराला लॉरी आली. बरोबर पुतण्या होता, चाळिशीचा, पायात चपला, उन्हाने रापलेला. लाल प्रायमर लावलेला पिकअप बाहेर उजेडात ढकलला तेव्हा तो शीळ घालत त्याच्याभोवती फिरला. ठेंगणा, रुंद, मान खांद्यात घातलेला. अंकल लिमनी टपावर एकदा थाप मारली आणि ते तोंड फिरवून रिकाम्या गाळ्यातल्या डागांकडे बघत राहिले.

पुतण्याचा हात मागच्या उजव्या खांबावर थांबला. त्याने बोट वर नेलं, खाली आणलं. "हे दोन जॉइंट कशाला?" त्याने इंग्रजीत विचारलं.

हेमचंद्रने तोंड उघडलं. त्याच्या आधी अवनी बोलली.

"एक त्याचा, एक माझा," ती म्हणाली.

खरं पाहता दोन्ही हेमचंद्रचेच होते, आणि अचूकपणावर पोट भरणाऱ्या माणसाला ते तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्याऐवजी तो साखळी धरायला पुढे झाला. लॉरीवर साखळ्या आवळल्या गेल्या, फळी वर झाली. लॉरी वसाहतीच्या वळणावर पोचली तेव्हाही त्या खांबावर पुसायचा राहून गेलेला खडूचा शेवटचा शब्द लांबून दिसत होता: फक्त.